साधा मेसेज

"मेसेज कशाने पाठवू? साधा, की व्हॉट्सॲप?"

फोनमधल्या बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही कवळीकाकांचे दोन्ही हात ओल्या प्लास्टरने बरबटलेलेच होते. आणि प्लास्टर म्हणजे काही गरीब बिचारं पीठ नव्हे, की झाकून ठेवलं आणि मग मळलं! जरा दुर्लक्ष झालं, की ते सरळ दगड होऊन मोकळं होतं.

"थांबा हो जरा, बाई," काका म्हणाले. फोनला अहो-जाहो करणारा माणूस अख्ख्या इमारतीत हा एकच.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत काका लोकांच्या कवळ्या बनवत. फळीवर पांढऱ्या जबड्यांची ही मोठी रांग. सगळे आपले हसल्यासारखे दिसायचे, पण बोलायचं कुणीच नाही. बोलायला यायची ती काउंटरवरची ताई, तीही चहा घेऊन आली तरच. काकांच्या फोनवर उठलेले पांढरे ठसे बघून आज सकाळी तिचं डोकंच फिरलं. फोन पुसून घेत ती म्हणाली, यापुढे हात लावायचाच नाही, नुसतं तोंडानं सांगायचं, बाई पाठवतील. मग बाईंनी मेसेज कशाने पाठवायचा ते कायमचं ठरवून टाकूया म्हणाली, तर काका म्हणाले, साधाच असू दे.

ताईला चहाचा ठसका लागला. "काका, साधे मेसेज हल्ली कोण बघतं? बँक पाठवते आणि बँकच वाचते."

"असू दे गं. साधाच बरा."

"कमाल आहे तुमची. बाई दरवेळी विचारतील असं करून ठेवते. चुकून सुबुद्धी झालीच, तर वाट मोकळी."

काकांनी काही वाद घातला नाही. कारण सांगायचं म्हणजे माऊचं नाव निघालं असतं.

माऊ म्हणजे काकांची लेक. काकू गेल्यापासून घरचं माणूस म्हणावं अशी एवढीच. सकाळची गाडी पकडली तर जेवायच्या वेळेला दारात, इतक्या अंतरावर राहणारी. काका पूर्वी तिला व्हॉट्सॲपच करायचे. एकदा फार झकास जमलेल्या कवळीचा फोटो पाठवला, तर लगेच वाचल्याच्या खुणा निळ्या झाल्या. झाल्या, आणि तशाच राहिल्या. काका हात धुवायचे, फोन बघायचे, परत कामाला लागायचे, परत हात धुवायचे. त्या दिवशी नळाचं पाणीसुद्धा कंटाळलं असेल. भांडण नव्हतं, राग नव्हता. तिला नोकरी, मुलं, घर, शंभर व्याप. पण निळा रंग काही ते समजावून सांगत बसत नाही ना. साध्या मेसेजचं तसं नव्हतं. तिनं पाहिला नसेल, असं बिनदिक्कत म्हणता यायचं. ती मोकळी, आणि आपणही मोकळे.

पण आज गोष्ट वेगळी होती. समोर जी कवळी तयार होत होती, ती काकांची स्वतःची होती. उद्या सकाळी त्यांचे वरचे उरलेसुरले दात निघणार आणि लगेच ही बसणार. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरचं कुणीतरी आणा, चक्कर येते, एकट्याला सोडणार नाही. तेव्हा काकांनी बाईंना मजकूर सांगितला होता: माऊ, उद्या माझे दात काढणार आहेत. घरचं कुणी लागेल म्हणतात. जमलं तर ये.

"मेसेज कशाने पाठवू?" बाई चिकाटीच्या होत्या.

साधा म्हटलं, तर उद्या कुणी आलं नाही तरी चालणार होतं. पण उद्या खरंच कुणीतरी हवं होतं.

"व्हॉट्सॲप," काका पुटपुटले.

"ऐकू आलं नाही."

"व्हॉट्सॲप," काका इतक्या मोठ्यानं म्हणाले, की फळीवरच्या जबड्यांनीही ऐकलं असेल.

मेसेज गेला. हात धुऊन, फोन फळीला टेकवून त्यांनी कवळी हातात घेतली. मेणात एकेक दात रोवताना समोरचा एक त्यांनी मुद्दाम जरासा तिरका बसवला. त्यांचा खरा दात तसाच होता. लहानपणी माऊ त्याच्यावर बोट ठेवून खिदळायची.

मान वर केली, तर खुणा निळ्या झाल्या होत्या. माऊच्या नावाखाली ती काहीतरी लिहीत असल्याचं दिसू लागलं. काका हातातला दात हातातच धरून उभे राहिले. मग ते दिसेनासं झालं. थोड्या वेळानं परत दिसलं, परत गेलं. भांड्यातल्या प्लास्टरचा धोंडा झाला, त्यात कालथा उभाच्या उभा. काकांनी तो ठोकून काढला आणि नवं प्लास्टर कालवायला घेतलं.

सकाळी धुतलेला सदरा घालून काका काउंटरपाशी आले. हातातल्या डबीत कवळी होती. ताईनं दाराकडे पाहिलं. "घरून कोण येतंय?"

"मुलीला कळवलं होतं," काका म्हणाले. "साधा मेसेज केला ना. पाहिला नसेल तिनं."

आत जाण्याआधी फोन तिच्याकडे द्यायचा होता. तो त्यांनी दिला. आत्ताआत्तापर्यंत बघत होते, त्यामुळे पडदा उजळलेलाच होता. ताईची नजर त्यावरच्या निळ्या खुणांवर गेली. क्षणभर तिथेच राहिली.

"हो ना, काका," ती म्हणाली. "साधे मेसेज कोण बघतं हल्ली. घरी सोडायला मी येईन." आणि तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला.

आत डॉक्टरांनी कवळी उजेडात धरून फिरवून पाहिली. "काका, काम सुरेख झालंय. हा एक दात मात्र तिरका बसलाय. सरळ करून घ्यायचा का?"

"असू द्या," काका म्हणाले. "तसाच होता."

मग ते खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी आ केला.