‘ड्वेल’ची चार कार्डं

छकुली दुपारी झोपली की आईचं शब्दकोशाचं काम सुरू होई. एका अर्थाला एक कार्ड, खाली एक उदाहरण. संपादकबाईंची अट कडक होती. "मनाचं वाक्य नको हं. घरीदारी ऐकलेलं, पाहिलेलंच लिहायचं."

या आठवड्यात तिच्या वाट्याला ‘ड्वेल’ आलं होतं. आजचा अर्थ साधा, वस्ती करणं. पण मुळाशी जावं तर या इंग्रजी क्रियापदाचा सगळ्यात जुना अर्थ निघाला वाट चुकवणं. मग खोळंबवणं, मग रेंगाळणं. मुक्काम अगदी शेवटी.

"म्हणजे चकवा देत देत घरातच शिरलं की!" डबा भरताना नवरा हसला. "आणि तू शब्दांची आई की हिची, तेही ठरव एकदा."

तिला ते लागलं. पण दुपारचा तो दीड तास तिला सोडवेना.

सोमवारच्या कार्डावर तिने लिहिलं: छकुली उठून टेबलाकडे निघाली, आतून हाक आली, ती उलटी वळली. मंगळवारचं: गोष्टीत गुंतवल्यामुळे तिला यायला उशीर झाला. बुधवारचं: दाराआड कुणीतरी उगाच घुटमळत राहिलं.

गुरुवारी फोनवर तिने तिन्ही वाचून दाखवली. संपादकबाई खूश झाल्या. "झकास! पण हाक मारतं कोण? सासूबाई आल्यात का?"

दुपारी घरात दोघीच असत. ऐकलेलं सगळं खरं होतं. ऐकताना तिने कार्डावरून मान तेवढी वर केली नव्हती.

तेवढ्यात आतून तिचा स्वतःचाच आवाज आला, झोपाळलेला, मऊ. "नीज गं माझी बाय. आई आहे ना."

फोन टाकून ती धावली. पलंगावर छकुली एकटीच जागी होती. शेजारी गादी दबलेली, हात लावला तर ऊबदार. छकुलीने तिच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं.

"आई गेली," ती म्हणाली.

"अगं, मीच आई."

छकुली दाराकडेच बघत राहिली.

आई त्या उबेतच आडवी झाली. लेकीला पोटाशी ओढलं आणि दाराकडे न बघता म्हणाली, "तू लिही. हिच्यापाशी मी आहे."

बाहेर खुर्ची सरकली. उरलेल्या चौथ्या कार्डावर पेन कुरकुरू लागलं. छकुलीने आवाजाच्या रोखाने मान वळवली, तसे आईने तिचे कान तळव्यांनी हलकेच झाकले, कपाळाला कपाळ टेकवलं आणि ती सुचेल ते, न थांबता, बोलत राहिली.