पांढऱ्या दोऱ्याचं बटण

आमच्या लेकीला, मंजुषाला, नांदेडला शिवांश झाला, ते दोन हजार तेवीस साल. त्या वर्षीच्या खंडेनवमीचा दिवस होता. स्टुडिओतली पूजा आटोपून मी खोबऱ्याचे तुकडे करत होते, तेवढ्यात बसम्मा चपला हातात धरून पायरीवर आली.

"अक्का, हे कालपासून घरी न्हाईत."

बसम्मा आणि तिचा नवरा शेषेराव उदगीरच्या मोंढ्यामागे, धान्याच्या बाजारामागे, राहायचे. मूलबाळ नव्हतं. शेषेराव मोंढ्यात राखणदार होते. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडायला लागला होता. आदल्या संध्याकाळी काडेपेटी आणायला म्हणून निघाले, ते परत आलेच नाहीत. स्टेशनकडे जाताना कुणी तरी त्यांना पाहिलं होतं.

"पोलिस म्हणून राहिलेत, फोटो आण. कुठून आणू? आधार कार्ड त्यांच्याच खिशात हाय. कचेरीतल्या फॉर्मवर एक हाय, तर तिथले म्हणतात दसऱ्यानंतर या. मंजुषाच्या लग्नानंतर तुम्हीच काढला होता की पेन्शनला. तेवढाच."

कोपऱ्यातल्या खुर्चीत माझे मालक, मंजुषाचे वडील शिवप्पा, बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी उदगीरच्या माणसांचे फोटो काढले. शुगरनं दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून स्टुडिओ मीच उघडायची.

"आज सुरू नको करू," ते म्हणाले. "पूजा मांडलीय. आज हत्यार उचलत न्हाईत."

"माणूस हरवलाय," मी म्हणाले, आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

कॉम्प्युटरच्या डब्यात फट् असा आवाज झाला. जळका वास आला. पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, काही नाही. मग माझं लक्ष डब्याच्या वरच्या जाळीकडे गेलं. जाळी ओली होती, भोकांत विभूती बसली होती. दरवर्षी नारळ मी उंबऱ्यावर फोडायची. यंदा गुडघा दुखत होता म्हणून डब्याशेजारीच बत्त्यानं फोडला होता.

"काय झालं गं?" शिवप्पांनी विचारलं.

"लाईट गेली," मी म्हणाले.

डोक्यावर पंखा फिरत होता.

डबा जुन्या लुगड्यात बांधला आणि दोघी लातूरच्या एस.टी.त बसलो. माझ्या बहिणीचा मुलगा वीरेश लातूरला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. डबा माझ्या मांडीवर होता. बसम्मा प्रत्येक थांब्यावर खिडकीतून डोकं काढून म्हातारे बघत होती.

"त्यांना उपाशी राहवत न्हाई, अक्का," ती मध्येच म्हणाली. "राहवत न्हाई, आन् मागतही न्हाईत."

वीरेशनं डबा उघडून नाक मुरडलं. "मावशी, आत काय अभिषेक केलास काय?" मग बसम्माचं तोंड बघून तो डब्यात वाकला. "हा बोर्ड गेला. हा आता उठणार न्हाई. पण फोटो डिस्कमध्ये असतात. ती काढून माझ्या कॉम्प्युटरला लावून बघावं लागंल." एवढं बोलून त्यानं देवाकडे पाहिलं. त्याची सगळी हत्यारं देवापुढं पाटावर, झेंडूखाली मांडलेली होती. "उद्या सोनं वाटून झालं की लगेच करतो. पूजेतलं कसं उचलू?"

मी पाटाजवळ गेले. फुलं बाजूला सारून पेचकस उचलला, त्याच्यावरची विभूती पदरानं पुसली आणि त्याच्या हातात दिला.

"मी उचललाय. तू फक्त चालव."

डिस्क लावली तेव्हा तिच्यातून टक टक असा आवाज यायला लागला. वीरेशनं कान लावला. "फिरतीय, पण आजारी हाय. एकदाच पळवून फोटो उतरवून घेतो. मध्येच थांबली तर संपलं."

पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. दहा टक्के. अकरा. बसम्मानं विचारलं, "ह्यात हायेत का ते?" एकेचाळीसवर पट्टी अडली. टक टक वाढलं. वीरेशनं माउसवरचा हातही काढून घेतला. दहा मिनिटं तिघंही त्या पट्टीकडे बघत होतो. मग बेचाळीस झालं. एकोणसत्तरवर डिस्क बंद पडली ती पडलीच.

"जेवढे आले तेवढे आले," वीरेश म्हणाला. "पण मावशी, नावं गेली. नुसते नंबर आलेत."

फोटोंच्या पाकिटांवरची नावं वाचत मी चाळिशीत अक्षरं शिकले. पुढं प्रत्येक फोटोला नाव मीच द्यायची. त्या दिवशी त्या अक्षरांचा काही उपयोग नव्हता. नऊ हजार तोंडं होती, नखाएवढी. त्यात हजारभर पुरुष एकाच काळ्या कोटात. स्टुडिओच्या खुंटीला बंद गळ्याचा एक कोट असायचा. ज्याचा सदरा बरा नसेल त्याला तो मी घालायला द्यायची. कोट घातला की मोंढ्यातला राखणदार आणि शाळेचा शिपाई एकसारखेच दिसायचे.

बसम्मा पडद्याला नाक लावून म्हणाली, "हे न्हाईत. हे न्हाईत. कोटात मला वळखू येईनात गं."

तेव्हा मला बटण आठवलं. मंजुषाच्या लग्नात तो कोट स्वतः शिवप्पांनी घातला होता आणि व्याह्यांना मिठी मारताना दुसरं बटण तुटलं. घरात काळं रीळ नव्हतं. पांढऱ्या दोऱ्यानं मी ते लावलं, पुन्हा काढून लावायचं राहूनच गेलं. शेषेरावांचा फोटो लग्नानंतरचा होता.

"वीरेश, छातीवर पांढरा ठिपका असलेले तेवढे वेगळे काढ."

दीड तास गेला. एकशे बारा निघाले. मी घरी फोन लावला.

"शेषेरावांचा काढलेला आठवतो का तुम्हाला?"

"हाव," शिवप्पा म्हणाले. "त्याला कमी ऐकू येतं. मी 'हलू नका' म्हणलं की उजवा कान म्होरं करायचा. तीनदा काढला, तीनदा तेच. शेवटी तसाच ठेवला. कान बघ."

अठ्ठ्याहत्तराव्या फोटोत कान पुढं होता. वीरेशनं तो मोठा केला, तर नखाएवढ्यात पुरा दिसणारा फोटो मोठा होताना अर्धाच आला. वरून कपाळ आलं, डोळे आले, हनुवटी आली आणि त्याखाली सगळी करडी पट्टी. कोट गेला होता. बसम्मानं पडद्याला हात लावला.

"हेच हायेत," ती म्हणाली. "आता वळखू येऊन राहिले."

वीरेशनं फोटो उदगीरच्या पोलिसांना पाठवला, मग रेल्वेच्या वाटेवर भालकी, बीदर, लातूर रोड, जिथं जिथं त्याच्या ओळखीचं कुणी होतं तिथं. दसऱ्याच्या दुपारी भालकी स्टेशनवरच्या चहावाल्याचा फोन आला. असा एक म्हातारा दोन दिवस बाकड्यावर बसून आहे, उजवा कान पुढं करून गाड्या ऐकतो.

बसम्मा धावत आणायला गेली. शेषेरावांनी तिलाच झापलं म्हणे, "कुठं उलथली होतीस? मी कवाचा थांबलोय."

मी रिकामा डबा घेऊन घरी आले होते. शिवप्पांनी हात लावून तो चाचपला.

"खोबऱ्याचा वास येऊन राहिला."

मी डबा बाजूला सरकवला.

"पूजेच्या सकाळीच आला होता," ते म्हणाले.

"मग तवाच का न्हाई बोललात?"

"बोलून काय? डोक्यावर पंखा फिरत होता, आन् तू म्हणालीस लाईट गेली. म्हणलं, असंल." आणि हसले. खूप दिवसांनी हसले ते.

शेषेराव त्यानंतर बसम्माला सोडून कुठं गेले नाहीत. एकदाच आले, आमच्याकडे. शिवप्पांची माती होऊन तीन दिवस झाले होते. स्टुडिओ झाडायला म्हणून मी शटर निम्मं वर केलं होतं. खालून वाकून ते आत आले, खुंटीवरचा कोट काढून स्वतःच अंगात घातला आणि फोटोच्या स्टुलावर ताठ बसले. उजवा कान पुढं केला. बाहेर बसम्मा त्यांना हाका मारत होती.

मी झाडू खाली ठेवला. कॅमेऱ्याच्या जागी जाऊन उभी राहिले.

"हलू नका," मी म्हणाले.

माझे मालक शिवप्पा त्याच वर्षी, कार्तिकातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेनऊला वारले.