पाचवी कवळी

ज्या दिवशी कॉलेजनं मुलांना ताणमुक्त करायचं ठरवलं, नेमका त्याच दिवशी खडूचा जीव टांगणीला लागला होता.

खडू म्हणजे दंतवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. प्लास्टरच्या खोलीत इतकी राबायची की भुवयांपासून चपलेच्या अंगठ्यापर्यंत पांढरीफटक. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. कॉलेजचा नियम असा, की परीक्षेला बसायचं तर पाच पूर्ण कवळ्या, म्हणजे वरचे-खालचे सगळे दात, स्वतः बनवून माणसाच्या तोंडात बसवायच्या आणि प्रत्येकीखाली विभागप्रमुखांची सही घ्यायची. शेवटची मुदत आज संध्याकाळी पाच. खडूच्या जर्नलमध्ये सह्या चार. पाचवी कवळी तिच्या पिशवीत, प्लास्टिकच्या डबीत, पाण्यात बुडवून ठेवलेली. आणि ज्यांच्या तोंडात ती जायची, ते आजोबा तीनच्या बसनं मुलीकडे सहा महिन्यांसाठी निघणार होते.

बाहेरच्या माणसाला वाटेल, पाच कवळ्या म्हणजे काय मोठं! अहो, दात पडलेला माणूस मिळायला नको? गेलं वर्षभर खडू म्हाताऱ्या माणसांचे चेहरे बघतच नव्हती, गालफडं बघायची. बसमध्ये समोर कुणी खोल गेलेल्या गालांचा बसला, की ही मान वाकवून त्याच्या तोंडात डोकवायची. एकदा एका आजींच्या तोंडाकडे ती तीन थांबे टक लावून बघत बसली, तर आजींनी गळ्यातली साखळी पदराआड घेतली. हे आजोबा सापडले ते झेरॉक्सच्या दुकानात. दुकानदाराशी कडाकडा भांडत होते आणि एक शब्द कुणाला कळत नव्हता. दुकानदार हसत होता. खडूला वाटलं, धावत जाऊन या माणसाच्या गळ्यात पडावं.

आजोबा उभा जन्म भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारत होते. दात गेले तसा आवाजही गेला. घरात बोलेनासे झाले. फोनवर मुलगी दर दुसऱ्या वाक्याला "काय म्हणालात बाबा?" म्हणायची, म्हणून फोन करणंही सोडलं होतं. आता सहा महिने तिच्याकडे राहायचं, तर निदान भांडता तरी आलं पाहिजे, एवढीच त्यांची मागणी.

आता कार्यशाळेचं. गेल्या महिन्यात एक पोरगी प्लास्टरच्या खोलीत चक्कर येऊन पडली. दोन दिवस जेवली नव्हती, केस पूर्ण होत नव्हती म्हणून. तिचे वडील प्राचार्या बाईंच्या टेबलावर हात आपटून गेले. बाईंनी कामाचा बोजा कमी केला का? छे! त्यांनी एक श्वासवाले पाहुणे बोलावले. 'हसरे दंतवैद्य: तणावमुक्ती कार्यशाळा', दहा ते चार, हजेरी सक्तीची, गैरहजर राहील त्याची तीन दिवसांची हजेरी कापणार. किडलेला दात तसाच ठेवून वरून चकाचक पॉलिश मारायचं काम पहिल्या वर्षाच्या पोरानं केलं असतं, तर त्याला याच लोकांनी नापास केलं असतं.

सकाळी खडू कॉलेजच्या दवाखान्यात पोचली तर दाराला कुलूप.

"सगळे सभागृहात," शिपाई म्हणाला. "मास्तर, पोरं, झाडूवाली बाईसुद्धा. तिला पण ताण आहे म्हणे."

"विभागप्रमुख?"

"तिसऱ्या रांगेत. झोपले नसतील तर."

विभागप्रमुखांना मुलं हातोडी म्हणत. कारण त्यांना आवडलं नाही की ते प्लास्टरचा साचा हातात घ्यायचे, फरशीवर टाकायचे आणि "पुन्हा" एवढंच म्हणायचे.

तेवढ्यात आजोबा रिक्षातून उतरले. हातात बॅग, गळ्यात मफलर. खडूनं त्यांना सभागृहाकडे ओढलं. दारात कार्यालयातला कारकून वही घेऊन बसला होता.

"हे कोण?"

"पालक," खडू म्हणाली.

"कुणाचे?"

"अहो, तोंड बघा ना. आमचे सगळ्यांचेच."

कारकुनानं खांदे उडवले आणि 'पालक - एक' असं लिहिलं.

शेवटच्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. शेजारी खडूची रूममेट बसली होती. तिच्या पाच सह्या कधीच झाल्या होत्या, त्यामुळे ती खरोखरच ताणमुक्त होती. आजोबांना बघून तिचे डोळे कपाळात गेले.

"इथं बसवणार? वेडी झालीस का?"

"मग कुठं बसवू, तुझ्या तोंडात?"

व्यासपीठावर श्वासवाले दोन्ही हात पसरून उभे होते. पांढरा झब्बा, गळ्याशी माईक. "डोळे मिटा. जबडा सैल सोडा. दंतवैद्याचा सगळा ताण जबड्यात साठतो." दीडशे माणसांनी डोळे मिटले. खडूनं डबी उघडली.

वरची कवळी 'चप्' करून टाळूला चिकटली. खालची जरा नाठाळपणे बसली. खडूनं निळा कागद दातांमध्ये धरला. हा कागद, दात जिथं जास्त आपटतात, तिथं डाग पाडतो.

"चावा आजोबा. हळू. टकटक करा."

टक टक टक. पुढच्या रांगेतल्या मुलानं डोळे न उघडताच विचारलं, "कोण दात वाजवतंय रे?"

"श्वास आत," व्यासपीठावरून आलं. "मनातल्या मनात आकडे मोजा."

खडूला तेच हवं होतं. कवळी बसली, की माणसाला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतात. सगळे आकडे स-नं भरलेले. स नीट आला, तर जीभ आणि दात यांचं जमलं. तिनं आजोबांच्या कानात सांगितलं, "साठपासून म्हणा. अगदी हळू."

आता, ज्यानं चाळीस वर्षं बाजारात गळा फाडला आणि ज्याच्या तोंडात दोन वर्षांनी दात आलेत, त्याला 'हळू' सांगून काय उपयोग?

"साठ!" आजोबा गरजले. "एकसष्ट! बासष्ट! त्रेसष्ट!"

दीडशे जणांचे डोळे टपाटप उघडले. आणि प्रत्येक स-बरोबर एक बारीक, तीक्ष्ण शिट्टी. साक्षात कुकर!

"चौसष्ट! पासष्ट!"

"सत्तर!" पुढून कुणीतरी बोली लावली आणि सभागृह हशानं फुटलं. झाडूवाली बाई तर खुर्चीवरून घसरली.

प्राचार्या बाई पहिल्या रांगेतून उठल्या. चेहरा लालबुंद. "हा काय तमाशा आहे? त्या मुलीला बाहेर काढा!"

पण श्वासवाल्यांना आनंद झाला होता. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी जिवंत वाटलं असावं. "नाही बाई, थांबा. हाच तो ताण. त्याला बाहेर येऊ द्या. ये बाळ, पुढे ये. मन मोकळं कर."

खडू गेली. खरं तर ती माफी मागायलाच गेली होती. पण हातात माईक आला, समोर हातोडी दिसले, त्यांच्या बाजूला ताणमुक्तीचा भला मोठा हसरा फलक दिसला, आणि वर्षभर घशात अडकलेलं सगळं एकदम वर आलं.

"आम्ही साठ जण," ती म्हणाली. "प्रत्येकी पाच कवळ्या. साठ पंचे तीनशे. मी दवाखान्याचं रजिस्टर मोजलंय. वर्षभरात आपल्याकडे पूर्ण कवळी बसवलेली माणसं एकशे दहा. आणि जर्नलमध्ये सह्या तीनशे व्हायच्यात, त्यातल्या बहुतेक झाल्याही. मग उरलेल्या एकशे नव्वद कवळ्या कुणाच्या तोंडात आहेत? ज्यांनी सही केली त्यांच्या?"

आजोबा मागे स्वतःशीच "सहासष्ट" म्हणाले, तेवढंच.

"आणि तुझ्या चार?" प्राचार्या बाईंनी विचारलं. आवाजात साखर, पण सुरी आत. "त्या तरी खऱ्या आहेत ना?"

खोटं बोलायला एक शब्द पुरला असता.

"तीन खऱ्या," ती म्हणाली. "चौथ्या आजी माझ्याआधी दोघांच्या जर्नलमध्ये होत्या. कवळी एक, आम्ही तिघं. मी फक्त फोटो काढला."

रूममेटनं कपाळावर हात मारला. साठातल्या निदान पन्नास जणांनी मनातल्या मनात खडूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

हातोडी उठले. सगळ्यांना वाटलं, आता हिचं जर्नल फरशीवर. ते तिच्याकडे पाठ फिरवून निघाले, थेट शेवटच्या रांगेत. न विचारता आजोबांचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलला.

"पासष्ट म्हणा."

"पासष्ट," आजोबा म्हणाले. शिट्टी वाजली.

हातोडींनी मान वळवून खडूकडे बघितलं. "पुढच्या दातांच्या मागं जाड ठेवलीस."

"हो सर."

"शिट्टी मारणारी कवळी माझ्या विभागातून बाहेर जाणार? चल."

"डॉक्टर," प्राचार्या बाई म्हणाल्या, "कार्यशाळा सोडून जाणाऱ्याची हजेरी..."

"बाई, पेशंट बसला आहे. श्वास आम्ही वाटेत घेऊ."

दवाखान्याचं कुलूप हातोडींनी स्वतः काढलं. खडूनं मोटर लावली, वरची कवळी हातात घेतली आणि टाळूचा भाग खरडायला बसली. गुलाबी भुसा उडायला लागला. हातोडी पाठीशी उभे. मध्येच जाडी मोजायचा चिमटा पुढं करायचे, "अजून" म्हणायचे. जे बोलायचं ते बोलून झालं होतं. आता मोटर होती, कवळी होती आणि पुढं बस.

"सर, एक विचारू?"

"एकशे नव्वद सह्या माझ्याच आहेत," ते म्हणाले. "ते सोडून विचार."

मोटर थांबली.

"मी शिकत होतो तेव्हा एक म्हातारा आम्ही चौघांत वाटून घेतला होता," हातोडी म्हणाले. "आमच्या सरांनी डोळे झाकून सह्या केल्या. त्यांच्या सरांनी त्यांच्या केल्या असतील. मला वाटायचं, मी तुमच्यावर उपकारच करतोय. थांबलीस का? खरड."

"तुमचं प्रेमप्रकरण झालं असेल," खुर्चीतून आजोबा बोळक्या तोंडानं म्हणाले, "तर माझी बस आहे."

कवळी पुन्हा तोंडात गेली. साठ. एकसष्ट. बासष्ट. शिट्टी नाही. खडूनं श्वास रोखून धरला. सदुसष्ट. अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तर. शेवटचा आकडा आजोबांनी असा ठणकावला, की खिडकीतलं कबुतर उडालं.

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि मुलीला लावला. "तीनच्या बसनं निघतोय. स्टँडवर ये. आणि उशीर करू नकोस, मागच्या वेळेसारखा."

पलीकडून आवाज आला, "कोण बोलतंय?"

आजोबांनी फोन तोंडापासून लांब धरला. मग म्हणाले, "तुझा बाप बोलतोय, भवाने," आणि खदखदून हसले. नवे दात दिसले. वरचे सगळे, अगदी रांगेत.

खडूनं जर्नल उघडून समोर ठेवलं. हातोडींनी पेन काढलं, पाचव्या केसखाली सही केली. मग पान मागं उलटून चौथी केस काढली आणि आपल्याच सहीवर आडवी रेघ मारली.

खडूच्या तोंडचं पाणी पळालं. "सर, म्हणजे माझ्या परत चारच झाल्या."

"खऱ्या चार झाल्या."

आजोबांची बॅग उचलून ती दार उघडायला गेली, तर बाहेर अख्खा वर्ग. कार्यशाळा सोडून उरलेले एकोणसाठच्या एकोणसाठ आले होते, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर ताणमुक्ती दिसत नव्हती. सगळ्यांत पुढं रूममेट.

"मेले, तुला काय गरज होती गं?" ती खडूवर धावली. "आमच्या सह्या झाल्या होत्या! आता सगळ्यांचं वर्ष जाणार!"

"हो ना! स्वतः बुडाली, आम्हालाही घेऊन!" मागून कुणीतरी ओरडलं. बोलताना खडूनं यांचा विचार केलाच नव्हता, हे खरं होतं.

हातोडी तिच्या मागं येऊन उभे राहिले. 

"विद्यापीठाच्या पत्रकात किती कवळ्या लिहिल्यात, कुणी वाचलंय?" त्यांनी विचारलं.

कुणीच वाचलं नव्हतं. वर्षानुवर्षं पाच म्हणजे पाच.

"दोन," हातोडी म्हणाले. "पाच हा आकडा आमच्या जाहिरातीसाठी. दर विद्यार्थ्यामागं पाच कवळ्या, असं दारावर रंगवायला बरं दिसतं. आजपासून दोन. बाईंशी मी बोलतो. पण दोन खऱ्या. प्रत्येकानं आपल्या खऱ्या दोन कोणत्या ते पाचच्या आत मला येऊन सांगायचं. पेशंटच्या फोन नंबरासकट. मी फोन करणार आहे."

एवढं बोलून ते आत गेले. आजोबांनी खडूच्या हातातून बॅग काढून घेतली, तिच्या पाठीत एक सणसणीत थाप दिली आणि गर्दीतून वाट काढत निघाले. सरा, सरा, बस चुकेल, असं पुकारत. प्रत्येक स खणखणीत.

मग गलका व्हायला हवा होता. झाला नाही. सगळी पोरं व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिली आणि हळूहळू बोटांवर मोजायला लागली. कुणी दोन बोटं मिटून सुस्कारा टाकत होतं. कुणी एक बोट मिटून दुसऱ्याकडे नुसतंच बघत होतं. रूममेटचे ओठ हलत होते. तिनं दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मग खडूच्या बाहीला धरून तिला भिंतीकडे ओढलं.

"माझी दीडच भरते गं," ती कुजबुजली. "त्या मावशींना खालची मी बसवलीच नाही."

खडूनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दोनला दहा मिनिटं कमी होती.

"मावशींचा नंबर आहे?"

"आहे."

"मग लाव फोन. रडत काय बसलीस!"