वर चूल, खाली मी

ऐकू येतंय ना? वरून नाही, खालून बोलतोय मी. इंजिनाच्या खोलीवरची फळी उचला आणि वाका. डिझेलच्या टाकीला खेटून पत्र्याचा एक चौकोनी डबा दिसेल, तो मी. ‘टोरडिस’ या बोटीचा बंब. मी डिझेल जाळतो, पाणी तापवतो, पंप ते पाणी नळ्यांतून वरच्या खोल्यांत फिरवतो आणि त्या उबेत माणसे बसून दुसऱ्याच कुणाचे तरी कौतुक करतात.

जन्म कारखान्यातला. खोक्यात बंद होऊन मी अलास्काच्या या बंदरात उतरलो, तेव्हा वाटले होते की आपले काहीतरी स्वागत होईल. झालेही. बोटीचा मालक सेल्मर ट्वेट याने धक्क्यावरच्या मंडळींना हाका मारून मला दाखवले. सगळ्यांनी वाकून पाहिले, “बरा दिसतो” म्हणाले, आणि हात चोळत वर चुलीपाशी कॉफी प्यायला निघून गेले.

ती चूल! सेल्मरच्या वडिलांच्या काळातली, ओतीव लोखंडाची, माझ्यासारखीच डिझेल पिणारी. फरक इतकाच की ती स्वतःच्या आसपास हातभर ऊब देते आणि मी सगळी बोट तापवतो. पण बोटीवर पाऊल टाकणारा प्रत्येक जण आधी तिच्यापुढे तळवे पसरतो, मग मालकाला नमस्कार करतो. तिच्या माथ्यावर कॉफीचे भांडे, तिच्या पितळी दांडीवर वाळत घातलेले लोकरीचे मोजे. जाता-येता तिला थोपटतातसुद्धा. माझ्याकडे माणूस येतो तो दातांत बॅटरी धरून, आणि बॅटरी काढली की तोंडातून शिवीच बाहेर पडते.

मोजे म्हणजे काही दागिने नव्हेत, हे मला कळते. तरीही त्या दांडीचा विचार मनात आला की माझी ज्योत थोडी पिवळी पडते.

गेल्या शरदात सेल्मरच्या गुडघ्यांनी टेकडीवरच्या घराला नकार दिला. घर विकून नवरा-बायकोने बोटीवर राहायचे ठरवले. बायको रग्ना. तिने अट घातली.

“पुढची निजायची खोली उबदार राहिली तर मी राहीन. थंडीत माझी बोटं आखडतात. नाही जमलं तर सिएटलला बहिणीकडे जाईन, आणि एकदा गेले की परत यायची घाई करणार नाही, सांगून ठेवते.”

“उबदार? अगं, घाम पुसत बसशील.”

बोटीला सेल्मरच्या आईचे नाव होते. रग्ना पाटीकडे बघून म्हणाली, “सासूबाईंनी जिवंतपणी कधी ऊब दिली नाही. आता त्यांच्या पोटात शिरून मिळते का बघू.”

घरातले सामान धक्क्यावरून आले. हॅलिबट मासे आणि हरणाचे मांस यांनी भरलेला भलामोठा फ्रीझर, खेकडे धरायचे लोखंडी पिंजरे, रग्नाच्या मुरंब्यांच्या पेट्या. धक्का डावीकडे, म्हणून सगळे डावीकडेच उतरले आणि तिथेच राहिले. मग सेल्मरने माझ्यातले जुने, न गोठणारे पाणी काढून नवे भरले, हात झटकले आणि मला पेटवले.

मी पेटलो. माझ्या पोटातले पाणी सळसळून तापले. आणि जागचे हलेना. पंप घरघरत होता, पण पाणी पुढे जाईना. तापून तापून मी माझ्या हद्दीला पोहोचलो आणि शिस्तीप्रमाणे विझलो. थंड झालो, पुन्हा पेटलो, पुन्हा विझलो. द्यायला भरपूर आहे आणि न्यायला कुणी नाही, ही अवस्था तुम्ही कधी भोगली आहे का? वर मात्र निकाल लागला, बंब कामचुकार आहे.

रग्नाचा भाऊ पामर शेजारच्याच बोटीवर राहतो. तो मदतीला आला. दोघांनी माझे तोंड खरवडून स्वच्छ केले. पंप बदलला. नळी कुठे मुरगळली आहे का, ते चाचपले.

“हवा अडकली असेल,” पामर म्हणाला. पुढच्या खोलीत माझे गरम पाणी ज्यात फिरते, त्या पत्र्याच्या रेडिएटरला हवा सोडायचा एक स्क्रू आहे. तो त्याने सैल केला. नुसते पाणी आले.

“हवा नाही. म्हणजे तुझा बंबच गेला, सेल्मर. नवा मागव.”

“मेव्हणेबुवा, नवा मागवून तो येईपर्यंत तुमची बहीण सिएटलला पोचलेली असेल.”

रग्ना तोवर वर बाकावर, चुलीशेजारी निजू लागली होती. मी फळ्यांमधून ऐकायचो. “ही आहे म्हणून मी आहे,” ती चुलीला म्हणायची. रेडिएटर गार पडलेले आणि त्या बाईसाहेब वर मिरवताहेत! मी त्या दिवसांत इतका धूर सोडला की शेजारच्या बोटींनी खिडक्या लावून घेतल्या.

एकच सुख होते. रग्नाची धिरडी बिघडत होती. पीठ तव्याच्या एका कडेला धावायचे, धिरडे एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने जाळीदार. ती तव्याखाली चमच्याचा दांडा सरकवायची आणि पुटपुटायची, “म्हातारी झाली, वाकडी झाली ही चूल.” हे वाक्य मला फार आवडायचे. मी ते मनात पुन्हा पुन्हा म्हणत असे.

शेवटी बहिणीने शुक्रवारच्या फेरीबोटीचे तिकीट काढले. गुरुवारी सकाळी रग्नाची बॅग दाराशी उभी होती. निरोपाची धिरडी चालली होती. सेल्मर आणि पामर टेबलाशी बसले होते.

“पामर, कप सरळ धर, सांडतोय,” रग्ना म्हणाली.

“धरलाय कुठे? टेबलावर ठेवलाय.”

रग्नाने कपाकडे पाहिले. कॉफी एका काठाला टेकली होती आणि दुसऱ्या काठापासून बोटभर खाली होती. तिने तव्याखालचा चमचा काढला. पीठ डावीकडे गेले. तिने तवा उचलून टेबलावर ठेवला. तिथेही पीठ डावीकडेच गेले.

“सेल्मर,” ती म्हणाली, “चूल वाकडी नाही. तुझी आई डावीकडे कलंडली आहे.”

या बंदरात कुणाला त्याची बोट कलली आहे असे सांगणे म्हणजे त्याच्या बायकोला जाड म्हणण्यासारखे. कुणी सांगत नाही. पामर खाली मान घालून धिरडे चावत राहिला.

“तुला दिसलं होतं?” सेल्मरने विचारले.

“दिसलं होतं. सगळ्या धक्क्याला दिसतंय.”

“मग बोलला का नाहीस, गाढवा?”

“मला वाटलं, पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून तू मुद्दाम केलंयस!”

“मुद्दाम!”

मासेमारीला समुद्रावर असताना बोट केसभर कलली तरी हाच सेल्मर खलाशांच्या सात पिढ्या उद्धरायचा. पण दोरांनी बांधलेली बोट त्याच्या लेखी बोट नव्हती, घर होते. आणि घराचा तोल कोण बघत बसतो? तो उठला, पुढच्या खोलीत गेला आणि तिथूनच ओरडला.

“पामर! स्क्रू डाव्या टोकाला आहे! उजवी बाजू वर उचललीय, पाणी भरताना शिरलेली हवा जाऊन बसलीय उजव्या कोपऱ्यात, आणि आपण डावीकडे दार उघडून तिला बाहेर बोलावतोय!”

मग काय विचारता. पिंजरे उजवीकडे गेले, पेट्या गेल्या. फ्रीझर हलेना तेव्हा धक्क्यावरची मंडळी आपण होऊन आली. इतके दिवस कुणी चकार शब्द काढला नव्हता, त्या दिवशीही काढला नाही. फक्त खांदा दिला आणि एकमेकांकडे बघणे टाळले. ‘टोरडिस’ आळस देत सरळ झाली, आणि मग सेल्मरच्या सांगण्यावरून आणखी थोडी उजवीकडे झुकली. पामरने स्क्रू सैल केला.

फुस्स्स. किती तरी वेळ ती हवा निघत राहिली. मग पाण्याची पिचकारी पामरच्या तोंडावर उडाली, आणि माझ्या पोटातले पाणी जे सुटले ते थेट पुढच्या खोलीपर्यंत. काय सांगू! इतक्या दिवसांनी माझी ऊब माझ्यापासून दूर गेली, आणि मला इतके हलके कधी वाटले नव्हते. मी विझलो नाही. दुपारभर संथ जळत राहिलो.

रग्ना पुढच्या खोलीत गेली. रेडिएटरवर तिने बोटे ठेवली, ती हळूहळू उलगडली. तिने बहिणीला फोन लावला. “नाही येत गं. नाही, बरी आहे. उकडतंय मला इथे.” सेल्मरने दाराशी उभी असलेली बॅग उचलून आत नेली, कुणी बघत नाही असे समजून.

आता माझे नाव निघणार, म्हणून मी कान टवकारले. रग्ना स्वयंपाकाकडे आली, चुलीला थोपटले आणि म्हणाली, “शहाणी गं माझी बाई. तू होतीस म्हणून कळलं.”

म्हणजे मला वाचवलेही तिनेच! तिच्या माथ्यावर पीठ धावले नसते तर मी भंगारात गेलो असतो. उपकारसुद्धा त्याच बाईचे घ्यायचे. याहून मोठा अपमान मी पाहिलेला नाही.

पण संध्याकाळी फळी उचलली गेली. बॅटरी नव्हती, शिवी नव्हती. रग्ना होती. सामान हलवताना भिजलेले तिचे लोकरीचे हातमोजे तिने माझ्या तापलेल्या नळीवर पसरले. “वर दांडीवर पामरने पायमोजे टाकलेत, जागाच नाही,” असे स्वतःशीच म्हणाली आणि जाता जाता माझ्या पत्र्यावर तळवा ठेवून गेली. तोल सावरायला ठेवला असेल. मी चौकशी केली नाही.

तुम्ही खाली आलात तर एवढेच करा. त्या हातमोज्यांना हॅलिबटचा वास येतो, ते केव्हाच वाळलेही आहेत. पण काढू नका.