‘क’ला कडी

“मॅडम, म... मला चढाईला घ्याल का?”

प्रश्न एवढाच होता. पण तो पुरता बाहेर पडेपर्यंत आंबीच्या रस्त्यावरून दुधाचा टेम्पो येऊन वळून दिसेनासा झाला. ‘मॅडम’ कसं झोकात निघालं, पण ‘मला’च्या ‘म’वर प्रतीक्षाचे ओठ असे चिकटले, की कुणी डिंक लावलाय जणू. मागे हिरा आणि अमृता एकमेकींना चिमटे काढत हसू दाबत होत्या. पैज त्यांचीच होती. “विचारून दाखव, आठवडाभर तुझी बॅग मी वाहते,” असं हिरा छातीठोकपणे म्हणाली होती. प्रतीक्षा विचारणार नाही, यावर तिनंच काय, अख्ख्या शाळेनं पैज लावली असती. दहावीत गेलेली ही पोरगी हजेरीलासुद्धा तोंड न उघडता हात वर करायची. वर्गातली पोरं म्हणायची, “नाव प्रतीक्षा, आन् बोलाय लागली की प्रतीक्षा आपल्याला!”

पण तिनं विचारलं. तोंड लाल झालं, कान तापले, पण विचारलं.

सारिका मॅडमनी तोंडातली शिट्टी काढली. “कबड्डी म्हण.”

प्रतीक्षानं श्वास घेतला. ‘क’ घशाच्या तळापर्यंत आला आणि तिथंच अडला. मान ताठ झाली, डोळे मिटले गेले. हिराचं हसूसुद्धा विरलं.

“हे बघ,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कीव नव्हती, आणि तेच प्रतीक्षाला आवडलं. “मधली रेषा ओलांडायच्या आधी पंचांना ‘कबड्डी’ ऐकू आलं पाहिजे आणि परत येईपर्यंत ते तुटता कामा नये. उशीर झाला की चढाई बाद. पंच तुझ्यासाठी थांबणार नाहीत, आणि मीही थांबणार नाही. तू कोपऱ्यात झकास खेळतेस, तुझ्या पकडीतून कुणी सुटत नाही. तिथं बोलावंही लागत नाही. पण चढाईच करायची असेल, तर रोज सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर ये. ज्या दिवशी म्हणशील, त्या दिवशी घेईन. एकही खाडा चालायचा नाही.”

सरळ ‘नाही’ म्हणाल्या असत्या, तर सुटका झाली असती. आता सुटका नव्हती.

“लागली गं बाई बॅग माज्या गळ्यात!” हिरा मागून ओरडली.

दुसऱ्या दिवसापासून प्रतीक्षाची सकाळ बदलली. इंद्रायणीवरचं धुकं अजून शेतात लोळत असायचं, कंपन्यांची पहिली बस कोपऱ्यावर घरघरत उभी असायची, आणि ही चिखल तुडवत मैदानावर. चुन्याची रेषा पावसानं पुसलेली असली, तर काठीनं ओढून घ्यायची. मग मागे जायचं, धावत यायचं आणि रेषेपाशी येऊन मुकं व्हायचं. पुन्हा मागे. पुन्हा धाव. गंमत अशी, की न्हाणीघरात तिला ‘कबड्डी’ पाण्यासारखं यायचं. सगळ्यांसोबत प्रार्थना म्हणताना कुठंही अडायचं नाही. कुणी ऐकायला उभं राहिलं, की संपलं! आणि चढाई म्हणजे तर सात जणी समोर हात पसरून उभ्याच.

पाऊस लागला, ताप येऊन गेला, चाचणी परीक्षा झाली. खाडा नाही. जमलंही नाही. मॅडम रोज फक्त भुवया उंचावून बघायच्या, प्रतीक्षा मान हलवायची, आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहायची. रोज एकदा हरून मग दिवस सुरू करायचा, अशी तिची रीतच पडली.

एका सकाळी शाळेच्या पायरीवरून आवाज आला. “पोरी, काय गिळलंयस का काय?”

रखमाजी आबा होते. शाळेचे जुने शिपाई. नोकरी संपून जमाना झाला, तरी सकाळी खराटा घेऊन मैदान झाडायला यायचे. सवय सुटत नव्हती.

“आबा, क... क...”

“क का?” आबा हसले. “आगं, तुज्या ‘क’ला कडी हाय. आतनं लागल्याली. तू रोज येतीस आन् भायेरनं धडका देतीस. दार मोडंल, कडी न्हाई निगायची. आमच्या वक्ताला ह्ये कबड्डी-बिबड्डी नव्हतंच. खळ्यावर खेळायचो. हुतुतू! म्हन बरं.”

“हुतुतू,” प्रतीक्षा म्हणाली.

आणि दचकलीच. शब्द कुठंच अडला नव्हता. आबा ऐकत होते, डोळ्यांत डोळे घालून बघत होते, तरीसुद्धा!

“बगितलंस? ‘ह’ला कडी न्हाई. ‘ह’ म्हंजी निस्ता वारा. वाऱ्यावर बसायचं आन् जायचं.”

त्या सकाळी मॅडम आल्या, तेव्हा प्रतीक्षा मैदानाच्या मागच्या टोकापासून ‘हुतुतूतूतू’ करत सुटली होती, आणि रेषेच्या हातभर अलीकडे त्याच श्वासावर ‘कबड्डी’ला लागली होती. आगगाडी रूळ बदलते ना, तशी. रेषा ओलांडून, पलीकडच्या भिंतीला हात लावून ती परत आली तरी दम तुटला नव्हता. मग ती चिखलात बसून हसत सुटली. हसणं काही थांबेना.

मॅडमनी तिला हसू दिलं. मग म्हणाल्या, “रेषेच्या अलीकडे काय म्हणायचं ते म्हण. पलीकडे फक्त कबड्डी. नियमात दुसरा शब्द नाही. हे विसरलीस तर तुझं काही खरं नाही. उद्यापासून चढाईला.”

झालं! पोरीला पंख फुटले. कबड्डी सुटली तशी बाकीची जीभही थोडीथोडी सुटू लागली. अडायची, पण आता अडण्याची लाज वाटेना. वर्गातल्या पप्पूनं तिची नक्कल केली, तेव्हा ती सरळ त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, “न-नीट कर. मी ‘प’वर जास्त अडते.” सगळा वर्ग हसला, आणि यावेळी पप्पूला हसला.

तालुक्याची अंतिम लढत लोणावळ्यात होती. घाटाकडून ढग मैदानात उतरले होते, पलीकडचा गोल दिवा असलेला खांबही मधूनमधून गायब व्हायचा. समोरचा संघ तगडा होता. त्यांची कर्णधार राजेश्वरी, उंच, खांद्यानं रुंद. तिनं पहिल्याच डावात हिराचा घोटा धरून तिला ओढत नेलं.

प्रतीक्षानं मधल्या दोन चढाया केल्या. दोन्ही वेळा हुतुतूवरून कबड्डीवर गाडी अचूक वळली, दोन्ही वेळा ती गुण घेऊन आली. दुसऱ्या वेळी राजेश्वरीच्या लक्षात आलं, की ही ‘क’वर अडते. तिनं आपल्या मुलींना जवळ घेऊन काहीतरी सांगितलं.

शेवटची मिनिटं. आंबी एका गुणानं मागे. हिरा बाद होऊन बाहेर बसलेली. आत दोघीच उरलेल्या. अमृताचा गुडघा सुजलेला, तिला धावता येईना. शेवटची चढाई प्रतीक्षाचीच होती. निवड करायला काही उरलंच नव्हतं.

“दम धर,” बाहेरून मॅडम एवढंच म्हणाल्या.

प्रतीक्षा मागे गेली. श्वास घेतला. सुटली. “हुतुतूतूतू—”

आणि समोरच्या सगळ्या मुली एका सुरात ओरडल्या, “क-क-क-क! क-क-क-क!”

त्यांच्यामागे प्रेक्षकांतून हशा उठला. प्रतीक्षाच्या घशात कडी लागल्याचं तिला स्पष्ट जाणवलं. रेषा पुढ्यात होती. थांबली तर बाद. तिच्या पायांनी थांबायचं नाकारलं, आणि तोंडानं जे चालू होतं तेच चालू ठेवलं. ती रेषेपलीकडे गेली, “हुतुतूतूतू—” डावीकडे हूल दिली, “तूतूतू—” कोपऱ्यातल्या मुलीच्या पायाला पाय लावला, राजेश्वरी झेपावली, तिच्या हाताखालून खाली वाकून निसटली, जाताजाता तिच्याही खांद्याला बोटं लावली, “तूतूतूतू—” आणि मधल्या रेषेवर सपशेल आडवी पडली. हात आपल्या बाजूला. दम शाबूत. दोन गुण!

हिरा किंचाळत उठली. अमृता लंगडत धावली.

शिट्टी वाजली. लांब, सलग.

पंचांनी हात समोरच्या संघाकडे केला होता.

“सर, दोगी बाद हायत!” हिरा ओरडली. “दोगींना लागलाय हात, सगळ्यांनी बगितलंय!”

“हात लागला,” पंच शांतपणे म्हणाले. “पण ‘कबड्डी’ म्हटलं नाही.”

“हुतुतू म्हंजी कबड्डीच की ओ!”

“आजोबांच्या काळात, बाळ. आता नियमात कबड्डीच. चढाई बाद. गुण त्यांना.”

समोरून जल्लोष उठला. प्रतीक्षा अजून रेषेवर पडून होती. तोंडात माती गेली होती. मॅडम आल्या, हात देऊन तिला उठवलं, आणि पंचांशी एक शब्दही न बोलता राजेश्वरीच्या मॅडमशी हात मिळवायला गेल्या.

परतीच्या जीपमध्ये कामशेत ओलांडल्यावर हिरा खिडकीकडं तोंड करून म्हणाली, “कोपऱ्यात बरी हुतीस.” अमृतानं तिला कोपर मारलं. हिरानं पुन्हा तेच म्हटलं, जरा हळू.

उतरताना मॅडमनी प्रतीक्षाला थांबवलं. “चढाई उत्तम होती. बादही होती. दोन्ही लक्षात ठेव.” मग शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “उद्या सकाळी नवा संघ बांधायला घेणार. कोपरा की चढाई, ते तू येऊन सांगायचं. मी एकदाच विचारणार. आणि चढाई म्हणालीस, तर हुतुतू बंद. अलीकडेसुद्धा नाही. तुझी ही आधाराची काठी मीच काढून घेणार.”

ती घरी पोचली, तेव्हा तिचा पराभव तिच्या आधी पोचला होता. पप्पा कंपनीतून येऊन मोरीवर हात न धुताच बसले होते. त्यांच्या मोबाइलवर तिचाच आवाज चालू होता. ‘क-क-क-क’चा गजर, मग ‘हुतुतू’, मग शिट्टी, मग कुणाचं तरी फिदीफिदी हसणं. कुणीतरी व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला होता.

“पॅकिंगच्या लायनीवर सगळ्यांनी बगितला,” पप्पा म्हणाले. ते चिडले असते, तर सोपं गेलं असतं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “कैलास म्हनला, सुहास, तुजी पोरगी का रं? मी म्हनलो, व्हय. आन् मग समदे हसाय लागले. मी काय करनार? मीबी हसलो.”

हे शेवटचं वाक्य प्रतीक्षाला रेषेवर आडवं पडण्यापेक्षा जोरात लागलं.

आई भाकरी थापता थापता उठून आली. पीठ लागलेल्या हातानं तिनं लेकीच्या कपाळावरची माती पुसली, तर तिथं पीठ लागलं. “जाऊ दे गं बाई. झालं ते झालं. उद्या ह्ये फोन करतील मॅडमना. सांगतील, पोरगी कोपऱ्यातच खेळंल. बोलायचं कामच न्हाई तितं. कुनी हसनार न्हाई.”

“करतोच,” पप्पा म्हणाले. “आत्ता करतो.”

“प-पप्पा, थ-थांबा.” प्रतीक्षा दप्तर न उतरवता दारातच उभी होती. “मी उ...”

ती कुठल्या शब्दावर अडली, की तो शब्द पुरवायची आईला लहानपणापासून सवय होती. पोरीला तेवढाच कमी त्रास, म्हणून. “उद्या जानार न्हाईस,” आई म्हणाली. “बरोबर हाय. दोन दीस इसावा घे.”

“न-नाही.”

“मग उशिरा जाशील?”

“आई.” प्रतीक्षानं आईचा पिठाचा हात धरला. घट्ट, घोटा धरावा तसा. “माझा श... शब्द मला काढू दे. तू दुसराच काढतेस.”

चुलीवर तव्यातली भाकरी करपायला लागली. तिचा वास घरभर पसरला, पण कुणी हललं नाही. पप्पांचा अंगठा मॅडमच्या नावावर थबकला होता.

“उद्या मी जाणार,” प्रतीक्षा म्हणाली. “फोन करू नका. मॅडमना मीच सांगणार. मी च...”

‘च’ टाळूला चिकटून बसला. मान ताठ झाली. तिला वाटेनं जाणारे बरेच सोपे शब्द दिसत होते. तिनं त्यांतला एकही घेतला नाही. ती पप्पांकडे बघत राहिली. पप्पांनी एकदा नजर खाली केली, मग पुन्हा वर आणली आणि तशीच ठेवली. आईचे ओठ ‘च’साठी हलले. तिनं ते दाताखाली धरले.

“चढाईच करणार,” प्रतीक्षा म्हणाली. “लोक हसतील. हसू दे. तुम्ही हसू नका.”