वडिलांचा नंबर

मुलींचे नंबर छापायचे नाहीत असं ठरलं, तेव्हा मी त्याच खोलीत बसले होते. समोर चहा होता, बिस्किटं होती आणि माझं तोंड बंद होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी सगळ्यांवर भडकणार आहे आणि त्यात मीही आहे.

मी नाशिकच्या एका कला महाविद्यालयात उपयोजित कला शिकवते. त्याआधी सहा वर्षं पुण्यात एका डिझाइन स्टुडिओत होते, त्यामुळे तिकडे काय चालतं ते मला ठाऊक आहे. ईमेलने आलेले मुलांचे पोर्टफोलिओ तिथे कोणी उघडत नाही. छापलेलं पुस्तक मात्र टेबलावर पडून राहतं आणि चहा पिता पिता कोणीतरी ते चाळतं. म्हणून यंदा शेवटच्या वर्षाच्या सत्तावीस मुलामुलींचं एक पुस्तक करायचं मी ठरवलं. प्रत्येकाला दोन पानं. डावीकडे एकच काम, मोठं. उजवीकडे नाव, काय काय येतं ते चार ओळींत, आणि खाली कोपऱ्यात, पान उलटताना अंगठा पडतो तिथे, ठळक मोबाइल नंबर, त्याखाली बारीक अक्षरात ईमेल आणि इन्स्टा. बाकीची सजावट मी काढून टाकली. पुस्तक बघून कोणीतरी फोन उचलावा, एवढंच त्याचं काम होतं.

त्यात सगळ्यात चांगलं पान शुभांगी देवरेचं होतं. शुभांगी देवळ्याची. तिने कांद्याच्या गोणीवर छापायचा मार्का हाताने काढला होता. त्यासाठी ती चार दिवस बाजार समितीत जाऊन रचलेल्या गोण्या बघत बसली, त्यांना घडी कुठे पडते ते पट्टीने मोजून आली, आणि घडी पडली तरी वाचता येतील अशी अक्षरं तिने बसवली. हे मी तिला शिकवलं नव्हतं. मला सुचलंही नसतं.

छपाईच्या आदल्या दिवशी संस्थेच्या सचिवांनी प्रूफ मागवलं.

"बाकी छान आहे," ते म्हणाले, "पण मुलींचे नंबर असे गावभर वाटायचे?"

"सर, स्टुडिओंना पाठवतोय."

"तेच ते. उद्या काही झालं तर पालक माझ्या दारात येतील. वडिलांचे टाका. ते ईमेल, इन्स्टा वगैरे तर काढूनच टाका."

"आणि मुलांचे?"

"मुलांना काय होतंय!"

प्राचार्य महेश सर मान हलवत होते. सचिवांचं वाक्य संपायच्या आत सरांची मान हलायला लागते, ही त्यांची जुनी खोड आहे. "मॅडम, तुम्हाला मुलगी असती तर कळलं असतं," असंही ते वर म्हणाले. मला काय कळतं आणि काय नाही, हे त्यांना तिथल्या तिथे ऐकवायला हवं होतं. पण भांडले तर पुस्तकच अडकेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. ऑफिसातून प्रवेशअर्जांची फाइल आणली आणि चौदा वडिलांचे नंबर माझ्या हाताने टाइप केले. त्या वडिलांना विचारायचं, निदान कळवायचं, हे कोणालाच सुचलं नाही. मलासुद्धा नाही.

दोनशे प्रती पुण्या-मुंबईला गेल्या. मुलामुलींच्या हातात मात्र एकही पडली नाही, कारण प्रकाशन समारंभ व्हायचा होता आणि प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. दोन महिन्यांत आठ मुलांना फोन आले, त्यातल्या पाच जणांचं कामही पक्कं झालं. मुलींना एकही फोन नाही.

"मुली तशा मागेच पडतात हो," महेश सर म्हणाले. त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट मी उचलून परत ठेवला.

मग पुण्याहून माझ्या जुन्या स्टुडिओतल्या आरोहीचा फोन आला.

"योगिनी, तुझ्या त्या गोणीवाल्या मुलीला नोकरी नको होती का? आमच्या दीपकने तीन वेळा फोन केला. दोनदा राँग नंबर म्हणून कट केला. तिसऱ्यांदा कोणीतरी आईवरून शिव्या दिल्या. पॅकेजिंगसाठी आम्हाला तीच हवी होती गं. शेवटी तुमच्याच पुस्तकातला हर्षल घेतला."

हर्षल चांगला मुलगा आहे, पण त्याला गोणी कुठे दुमडते ते माहीत नाही. आणि शुभांगी आठ दिवस कॉलेजला आली नव्हती. ताप आहे, असं तिच्या मैत्रिणी सांगत होत्या. मला तेव्हा पहिल्यांदा त्या तापाची शंका आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीने देवळ्याला गेले. शुभांगीचे वडील, किशोर देवरे, कांदा साठवायच्या चाळीपाशी होते. मी कॉलेजची मॅडम म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली, पण स्वतः उभेच राहिले.

"बरं झालं आलात. मला सांगा मॅडम, कोण शे हा दीपक?"

घराच्या दारात शुभांगी उभी होती. डोळे सुजलेले.

"तीन डाव फोन केला त्यानं. शुभांगी आहे का, शुभांगीशी बोलायचंय. पुण्याचा माणूस, माझ्या फोनवर माझी पोरगी मागतो. मी काय समजायचं? हिला इचारलं तर म्हणती, मी वळखत नाही."

"नाही ओळखत, नाना. किती वेळा सांगू?" शुभांगी म्हणाली.

ती खरंच ओळखत नव्हती. पुस्तकात तिचा नंबर नाही, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि तिचं पान उघडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी हात टॉवेलला पुसले.

"ही आपली गोणी," ते म्हणाले. "हे तिनं काढेल शे?"

"हो."

मग त्यांची नजर खाली कोपऱ्यात गेली. अंगठा तिथेच होता.

"हा तर माझा नंबर."

मी सगळं सांगितलं. सचिव, सर, दीपक कोण, जागा कसली होती, ती कोणाला गेली. नंबर मीच टाइप केला, हेही सांगितलं. ते ऐकत ऐकत पानं उलटत होते. हर्षलच्या पानावर थांबले.

"हा नंबर याच्या बापाचा?"

"नाही. त्याचा स्वतःचा."

त्यांनी पुस्तक मिटलं. "मी दिवसभर चाळीत राहतो, मॅडम. ष्टुडिओ काय असतो, मला काय ठाऊक? मला एक शब्द सांगितला असता, तर मी पळत येऊन तिला फोन दिला असता. माझ्या पोरीची नोकरी तुम्ही माझ्याच तोंडानं घालवली."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी सचिवांचं नाव पुढे करून सुटले असते. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचं बरोबर होतं.

मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, दीपकचा नंबर शोधून लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मी शुभांगीचा बाप बोलतो. त्या दिवशी शिव्या दिल्या, ते चुकलं माझं. जागा गेली, तेबी कळलं. पण तिचा नंबर लिहून घ्या. पुढं काही असंल तर मला इचारायचं नाही, तिला इचारायचं. घ्या, नव्वद... नव्वद एकोणपन्नास..."

ते अडले. लेकीचा नंबर त्यांना पाठ नव्हता. फोनमध्ये नुसतं नाव दाबलं की लागायचा.

"सत्तावन्न, नाना," शुभांगी म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि फोन तिच्यापुढे धरला. "तूच सांग."

ती पुढे आली. पहिल्या अंकाला आवाज चिरकला. मग तिने घसा साफ केला आणि दहाही आकडे पुन्हा पहिल्यापासून, एकेक करून, नीट सांगितले. पलीकडून दीपक म्हणाला, "थांबा, फोन ठेवू नका. तुमच्या गोणीबद्दल मला विचारायचंय." शुभांगी फोन घेऊन आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. किशोरभाऊ त्या बंद दाराकडे बघत उभे राहिले, पण तिच्या मागे गेले नाहीत.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले. पुस्तक मांडीवर होतं. महेश सरांना काय बोलायचं, सचिवांना काय बोलायचं, सगळं मनात तयार होतं आणि ते मी उद्या बोलणारच होते. पण आधी मी दुसऱ्या मुलीचं पान उघडलं, कोपऱ्यातला नंबर लावला. शुभांगीच्या वडिलांचा सोडून असे तेरा नंबर होते.

"हॅलो, कोण?" एका माणसाचा घोगरा, संशयी आवाज आला.

मी माझं नाव सांगितलं आणि सगळ्यात आधी त्यांची माफी मागितली.