अंगठ्याचा गंज

मी साध्या पोलादाचा एक तुकडा बोलतोय. मुठीत मावेन एवढाच आहे. रायफलची नळी कापल्यावर जे टोक उरलं, तो मी. उरलेली नळी कुठे गेली, देव जाणे. मी मात्र या कारखान्याच्या खिडकीत राहिलो आणि माझ्या वाट्याला माणसांचे हात आले.

नळ्या घडवणाऱ्या कारागिराला इथे सगळेच मामा म्हणतात. "स्टेनलेस घेऊ की साधं पोलाद?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की मामा मला घासून लखलखीत करायचा, त्याच्या मुठीत द्यायचा आणि चहा मागवायचा. चहा संपला की मला फडक्यात धरून खिडकीत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी काहींच्या हाताचा माझ्यावर मागमूसही नसे. काहींची बोटं मात्र तांबूस उमटायची, रेघ न् रेघ दिसायची. "हात गंजका आहे, स्टेनलेस घ्या," असा मामाचा निकाल. मी थक्क व्हायचो. भट्टीतून निघालेला मी, माणसाच्या नुसत्या घामापुढे हरायचो!

परवा मामाची सख्खी भाची आली. नेमबाज आहे ती. जुनी नळी झिजलेली आणि निवडीची स्पर्धा तोंडावर, तीही बर्फाळ डोंगरात.

"स्टेनलेसचा घसा, गोळी नळीत शिरते तो भाग, आगीत जरा उशिरा झिजतो," मामा म्हणाला. "पण तुझी नळी बारीक. कडाक्याच्या थंडीत बारीक स्टेनलेस तडकू शकतं, साधं पोलाद चिवट. हात कोरडा असेल तरच हं!"

तिने मला मुठीत धरलं. मूठ गरम होती, आत नाडी उडत होती. त्या दिवशी फडकं सापडेना, म्हणून मामाने मला उघड्या हातानेच उचललं. "माझ्या हाताला कसला आलाय घाम!" जन्मभर त्याने हातमोजा घातला नव्हता, आणि त्याचा केवढा तोरा!

सकाळी माझ्यावर गंज होता.

"स्टेनलेस," मामा म्हणाला आणि सळई काढायला वळला. भाचीचा चेहरा पडला. तिने मला उजेडात नेलं आणि उलटंसुलटं केलं.

"मामा, डाग एकच आहे. अंगठ्याचा. मधोमध आडवा व्रण असलेला."

मामाने आपला अंगठा पाहिला. लेथवर कधीतरी कापलेला. मग त्याने मांडणीवरच्या तयार नळ्यांकडे पाहिलं. गेले काही महिने त्यांच्यावरही डाग पडत होते आणि तो गंज रोखायचं तेल देणाऱ्या तेलवाल्याच्या नावाने खडे फोडत होता.

"म्हणजे त्या बिचाऱ्याला उगाच शिव्या घातल्या," तो हळूच म्हणाला. मग खुर्चीत बसला. "वयाने घामही बदलतो वाटतं. तू स्टेनलेसच घे पोरी. माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

"परीक्षा माझ्या हाताची होती ना? मग साधंच पोलाद. आणि तुझ्याच हातचं."

"हातमोजा घालून मला कंगोरा कळत नाही गं. नळीच्या तोंडाशी कापताना उठलेला केसाएवढा कंगोरा राहिला तरी गोळी भरकटते."

"मग मला शिकव."

नळी तयार झाली तेव्हा हातमोजे घातलेला मामा बाजूला उभा होता. "डोळे मीट. बोट सावकाश फिरव." तिचं बोट फिरलं, पुढे गेलं, मागे आलं, थांबलं.

"इथे."

मामाने भिंग लावून पाहिलं. कंगोरा खरंच तिथेच होता! न दिसणारी गोष्ट बोटाला दिसते, हे पाहून मी पोलाद असूनही शहारलो. मामाने मान फिरवली आणि डोळे बाहीला पुसले. मोजे तेलाने माखले होते ना.

भाची नळी घेऊन डोंगरात गेली आहे. मी खिडकीत आहे. मामाने मला पुन्हा घासलं नाही. परीक्षेसाठी दुसरा तुकडा कापला. हा गंज मला हळूहळू खाणार, ठाऊक आहे. खाऊ दे. इतके हात आले, चहा पिऊन गेले, आणि मी दर वेळी कोरा झालो. तुम्ही कधी इथे आलात तर मला जरूर उचला, पण पुसू नका. हा एक माणूस माझ्यावर राहू द्या.